मदत हवी आहे : इप्सविचमधील वंशावळीचा तुटलेला दुवा

माझ्या सुनेच्या आईकडील घराणे मॅसॅच्युसेट्समधील इप्सविचचे, म्हणजे १६३०च्या दशकात इंग्लंडहून आलेल्या प्युरिटनांनी (एका कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी) वसवलेल्या गावचे असून, नातवंडांसाठी दोन्हीकडच्या वंशावळी एकत्र लिहाव्यात म्हणून मी वर्षभर त्याचा शोध घेत आहे. जन्म, विवाह व मृत्यूंच्या १८५०पर्यंतच्या गावनिहाय छापील नोंदींमुळे अठरावे शतक सहज ओलांडता आले. १६९०च्या सुमारास मात्र घोडे अडले.

तेथे एकाच नावाचे दोन पुरुष आढळतात, एक ‘सीनियर’ आणि दुसरा ‘ज्युनियर’. मी त्यांना बापलेक धरून चाललो होतो. परंतु त्या काळी हे शब्द पुष्कळदा गावातील थोरला आणि धाकटा एवढेच सांगत, हे कळले तेव्हा तीन महिन्यांचे काम पाण्यात गेले. त्यात १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने फेब्रुवारीतील एक बाप्तिस्मा जुन्या व नव्या गणनेची दोन्ही वर्षे दाखवत १६९१/९२ असा दुहेरी लिहिलेला आहे. धाकट्याच्या पत्नीचे माहेरचे आडनाव तर कोठेच नाही (आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत सुनांची गत याहून फारशी वेगळी नसते).

इप्सविच ज्या जिल्ह्यात येते त्या एसेक्स काउंटीतील मृत्युपत्रे व जमिनीची खरेदीखते वाचून असे समनामी कोणी वेगळे केले आहेत काय? साक्षीदारांवर अधिक विसंबावे की लगतच्या जमीनमालकांवर? शिवाय, ज्या मृत्युपत्रात विवाहित मुलीचा उल्लेख असेल ते जावयाच्या नावावरून शोधण्याची सोय बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिअलॉजिकल सोसायटी या वंशावळींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत आहे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.