सीजीपीए ६.८ आहे, चौथ्या वर्षाच्या ऑनर्सला प्रवेश मिळेल का?

एसवाय_केमिस्ट्री
सोलापूर विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्री. तीन सेमिस्टर झाली, सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी) ६.८, एटीकेटी (राहिलेला विषय) नाही. ऑनर्सला ७५ टक्के लागतात असं सगळे सांगतात. मग तीन वर्षांनी थांबून सरळ एम.एस्सी. धरू का? पुढे पीएच.डी. करायची आहे.

केगाव_क्रेडिट
आधी एक गैरसमज काढून टाक. ७५ टक्क्यांची अट 'संशोधनासह ऑनर्स'ला आहे, साध्या ऑनर्सला नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात दोन्हींना चार वर्षांत मिळून किमान १६० क्रेडिट (पेपरचं वजन मोजायचं एकक) आहेत. संशोधनवाल्यांना चौथ्या वर्षात १२ क्रेडिटचा प्रकल्प, बाकीच्यांना त्याऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे पेपर.

आता तुझं गणित. अट पहिल्या सहा सेमिस्टरच्या मार्कांवर आहे. ७५ टक्के म्हणजे ढोबळमानाने ७.५ धर (नेमकं सूत्र परीक्षा विभागात विचार, विद्यापीठागणिक बदलतं). सगळ्या सेमिस्टरला क्रेडिट सारखे असतील तर उरलेल्या तिन्हींत सरासरी ८.२ हवी. अवघड आहे, पण हातातली गोष्ट आहे.

मार्कशीट_वाचा
८.२ साठी नुसत्या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) मागे धावू नकोस, मुलं इथंच चुकतात. मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), कौशल्याचे पेपर दोन-दोन क्रेडिटचे म्हणून सोडून देतात. असे दोन पेपर मिळून चार क्रेडिटच्या मेजर पेपरएवढंच वजन होतं, आणि तिथं ग्रेड वाढवणं बहुधा सोपं असतं.

दुसरं, ग्रेड पॉइंट पायरीनं वाढतात. वरची ग्रेड एका मार्कानं हुकली तरी अख्खा पॉइंट जातो. म्हणून जुन्या मार्कशीट काढ, कुठल्या पेपरात पायरी थोडक्यात हुकली ते पाहा. बऱ्याचदा गळती इंटर्नलमध्ये सापडते: जर्नल वेळेत सही न झालेलं, सेमिनार बुडवलेला. लेखी परीक्षेत दहा मार्क वाढवण्यापेक्षा ही गळती बुजवणं कमी कष्टाचं.

एसवाय_केमिस्ट्री
आणि ७.५ नाहीच झाले तर पीएच.डी.चं काय?

केगाव_क्रेडिट
दार बंद होत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीवरून थेट जायचं तर ७५ टक्के लागतात. एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सवलत. तेवढे नसतील तर साधं ऑनर्स, मग एक वर्षाचं एम.एस्सी. आणि त्यात किमान ५५ टक्के. तीन वर्षांची पदवी अधिक दोन वर्षांचं एम.एस्सी. केलंस तरी पाचच वर्षं. म्हणून घाईनं चौथं वर्ष सोडू नकोस. मात्र तुला हव्या त्या विषयात एक वर्षाचं एम.एस्सी. कुठं चालतं ते आधी पाहून ठेव.

प्रयोगशाळा_ताई
एक राहिलं. ७.५ झाले म्हणजे 'संशोधनासह' मिळालंच असं नाही. त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. तुमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात तसे आहेत का आणि चौथ्या वर्षाला मान्यता आहे का, हे पाचव्या सेमिस्टरआधीच विभागप्रमुखांना विचार.

आणि आजच एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) खातं उघडून तिन्ही सेमिस्टरचे क्रेडिट दिसतात का बघ. आधारवर नाव आधी आणि मार्कशीटवर आडनाव आधी, किंवा वडिलांचं नाव एकीकडे गाळलेलं, अशानं क्रेडिट जोडले जात नाहीत. दुरुस्तीचा अर्ज कॉलेजच्या ऑफिसात आत्ताच दे. प्रवेशाच्या वेळी तिथं रांग लागते.