मदत हवी आहे: भाच्याच्या रिपोर्टमध्ये रन्क्स-१ जनुक, आणि घरी दोष बहिणीला

नमस्कार मंडळी,

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो. माझ्या बहिणीच्या पाच वर्षांच्या मुलाला बी-सेल एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला आहे. उपचार संभाजीनगरला चालू आहेत, पहिल्या टप्प्यानंतरची बोन मॅरो तपासणी चांगली आली, लेकरू जेवतंय-खेळतंय. औषधांबद्दल शंका नाही. अडचण घरात आहे.

फिश तपासणीत (पेशीतले क्रोमोसोम रंगवून त्यांतले बदल पाहतात ती) ‘ईटीव्ही-६–रन्क्स-१ पॉझिटिव्ह’ असं आलं. डॉक्टर म्हणाले, हा बदल बहुतेक वेळा मूल पोटात असतानाच झालेला असतो. तेवढं एकच वाक्य सासरी पोचलं. सासर अंबाजोगाईजवळच्या खेड्यात. सासूबाई येईल-जाईल त्याला सांगतात, “गिऱ्हाण पाळलं नाही हिनं, लेकराला भोवलं.” ग्रहणात ती विळीवर भाजी चिरत होती, हे जावेला आत्ता आठवलंय. आणि बहीण स्वतःच ते धरून बसलीय. रात्री फोन करते, “दादा, खरंच माझ्यामुळं झालं का रे?”

मला जे समजलंय ते मांडतो, तपासून सांगा.

रन्क्स-१ हे २१व्या क्रोमोसोमवरचं जनुक. त्याचं प्रथिन ऊसतोडीच्या मुकादमासारखं: स्वतः कोयता धरत नाही, कोणत्या टोळीनं कोणत्या फडात जायचं ते सांगतं. म्हणजे इतर जनुकं चालू-बंद करतं. गर्भात सुरुवातीचं रक्त अंड्यातल्या बलकासारख्या पीतक पिशवीत तयार होतं, ते याच्याशिवायही बनतं. पण जन्मभर पुरणाऱ्या रक्ताच्या मूळ पेशी साधारण पाचव्या आठवड्यात महाधमनीच्या आतल्या अस्तरातून सुटतात, तिथून यकृतात आणि मग हाडांच्या मगजात जातात. अस्तराच्या पेशीची रक्तपेशी होणं हे रन्क्स-१ शिवाय होत नाही. 1996 मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदरांचे गर्भ साडेबारा दिवसांच्या आसपास मेंदूत रक्तस्राव होऊन दगावले. पक्कं रक्त बनलंच नव्हतं. विशेष म्हणजे हे जनुक मुळात सापडलं ते 1991 मध्ये, जपानी संशोधकांना, ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) रुग्णांत तुटून दुसऱ्याला जोडलेल्या क्रोमोसोममध्ये. कॅन्सरमध्ये आधी, गर्भात नंतर.

भाच्यात १२व्या क्रोमोसोमवरच्या ईटीव्ही-६ चा तुकडा रन्क्स-१ ला चिकटलाय. लहान मुलांच्या बी-सेल एएलएलपैकी जवळपास पावभाग रुग्णांत हेच असतं. जोडलेलं प्रथिन जागा रन्क्स-१ च्याच शोधतं, पण तिथली जनुकं चालू करायची सोडून दाबून ठेवतं.

आता विचारायचं ते असं. पोटात झालं म्हणजे आईमुळे झालं, असं होतं का? पुढच्या बाळाला धोका आहे का? तिला आता दुसरं मूलही नको वाटतंय. शिवाय वाचताना रन्क्स-१ चा घराण्यात चालणारा दोषही दिसला, प्लेटलेट कमी असतात म्हणे. दाजींचा उन्हाळ्यात घोळणा फुटतो. मी उगाच घाबरतोय का? आणि हे सासूबाईंना पटेल असं सांगायचं कसं?

प्रतिसाद (नांदेडहून, रक्ततपासणी प्रयोगशाळेत काम करते)

दादा, तुमचं समजलेलं बरोबर आहे. पेशी विभागताना क्रोमोसोम तुटून चुकीचे जुळले, एका पेशीत. ते आईच्या किंवा वडिलांच्या बीजातून आलेलं नाही, म्हणून पुढच्या बाळाला वारशानं जात नाही. भावंडांची ही तपासणी करत बसू नका.

सासूबाईंना जुळ्यांचं सांगा. एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्यांत एकाच्या पेशी दुसऱ्यात जातात. 2008 मध्ये ब्रिटनच्या संशोधकांनी अशी जुळी तपासली: एकीला ल्युकेमिया, दुसरीच्या रक्तात तीच जोडलेली जनुकं, तरी दुसरी ठणठणीत. एकच पोट, एकच ग्रहण. त्या बदलावर जन्मानंतर आणखी बिघाड व्हावे लागतात, बऱ्याचदा ईटीव्ही-६ ची उरलेली चांगली प्रत जाते, तेव्हा कुठे आजार उभा राहतो. हा बदल घेऊन जन्मलेल्या बहुतेक बाळांना ल्युकेमिया कधीच होत नाही.

घराण्यातला दोष ही निराळी गोष्ट. त्यात रन्क्स-१ ची एक प्रत जन्मापासून प्रत्येक पेशीत बिघडलेली असते, लहानपणापासून प्लेटलेट कमी, आणि पुढे ल्युकेमियाचा धोका मोठा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घोळणा कितीतरी जणांचा फुटतो, त्यावरून घाबरू नका. दाजींचा साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. प्लेटलेट वारंवार कमी आल्या, किंवा त्यांच्या घरात आधी कुणाला रक्ताचा आजार असेल, तरच डॉक्टरांशी बोला. मग जनुकाची तपासणी त्वचेच्या नमुन्यावर करतात.

बहिणीला मात्र आज रात्रीच फोन करा.

धागाकर्ता

मनापासून आभार ताई. फोन झाला, जुळ्यांचं दोनदा सांगायला लावलं तिनं. दाजी सोमवारी सीबीसी करतायत. पुढच्या ओपीडीला सासूबाईंना सोबत नेणार आहे. कुणी असं डॉक्टरांसमोर घरातल्या मोठ्यांना बसवलं असेल तर बोलणं कसं सुरू केलं, ते लिहा. बहीण समोर असावी की बाहेर, हे मला ठरवता येत नाहीये.