पावसाळ्यात सह्याद्रीवरच्या हवेतल्या लहरी किती वर जातात?

घाटमाथ्यावर उठणाऱ्या गुरुत्व लहरी (वर ढकललेली हवा वजनाने खाली-वर झुलत राहते, त्या लहरी) थेट स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या वरच्या थरात पोचतात, असं म्हटलं जातं; पावसाळ्यापुरतं तरी ते मला पटत नाही. जुलैत पुण्यावर खाली पश्चिमेचा वारा आणि साधारण १४-१५ किलोमीटरवर पूर्वेचा जेट, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा. म्हणजे मधे कुठेतरी वाऱ्याचा पूर्व-पश्चिम घटक शून्य होणारच. डोंगरामुळे उठलेली लहर जमिनीच्या सापेक्ष जागच्या जागी उभी असते, म्हणून तोच थर तिची क्रिटिकल लेव्हल, म्हणजे वाऱ्याचा आणि लहरीचा वेग सारखाच होतो ती उंची. तिथे पोचता पोचता तिची उभी तरंगलांबी आखडत जाते, वर जाण्याचा वेग मंदावतो आणि संवेग त्या थरातल्या वाऱ्यालाच मिळतो. बुकर आणि ब्रेदरटन या संशोधकांनी १९६७ मध्ये हे गणिताने दाखवलं. रिचर्डसन अंक (उंचीबरोबर वारा जितका बदलतो त्याच्या तुलनेत हवा किती स्थिर आहे ते सांगणारा आकडा) १ असेल तर पलीकडे अर्धा टक्कासुद्धा संवेग जात नाही! अंक पावच्या खाली गेला की मात्र खेळ बदलतो: शिअरचा, म्हणजे उंचीबरोबर वारा बदलण्याचा थर स्वतःच अस्थिर होऊ शकतो, आणि परावर्तित लहर मूळ लहरीपेक्षा मोठीही निघू शकते.

ढगांमुळे उठणाऱ्या लहरींचं वेगळं. त्यांना स्वतःचा वेग असतो. पूर्वेकडे जोरात धावणाऱ्या लहरींना या जेटमध्ये क्रिटिकल लेव्हल भेटतच नाही. त्यामुळे जुलैत स्थितांबरात काही दिसलंच, तर आधी ढग तपासावेत असं माझं मत.