जॉन रे आणि एकदल-द्विदल: प्रदर्शनात काय रुजवावं?

निपाणीकर: आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सतराव्या शतकातले इंग्रज वनस्पती-अभ्यासक जॉन रे हा विषय घेतलाय. एकदल-द्विदल (बियात एक की दोन बीजदलं) ही विभागणी स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांची की रे यांची? हरभरा रुजवला तर दोन दलं वर का दिसत नाहीत?

रानवाट_खानापूर: रे यांचीच. ते 1705 मध्ये वारले, लिनियस 1707 मध्ये जन्मला. 1682 च्या 'मेथोडस प्लांटारम नोव्हा'मध्ये रेंनी बीजदलांवरून वनस्पतींचे गट पाडले. लिनियसने पुंकेसर मोजून वर्ग केले. रेंनी फूल, फळ, बी सगळं पाहिलं, आणि म्हणूनच त्यांचे गट निसर्गाच्या जास्त जवळचे वाटतात. लोहाराचा हा मुलगा केंब्रिजला शिकवत होता. 1662 मध्ये कायद्याने सक्तीची केलेली धर्मविषयक शपथ नाकारली, नोकरी गेली. हे तक्त्यावर जरूर लिहा.

बीजांकुर: सर, हरभरा, वाटाणा, तूर यांची दलं मातीतच राहतात, वर फक्त कोंब येतो. त्यापेक्षा घेवडा किंवा चवळी घ्या. रात्रभर भिजवा, भुसभुशीत मातीत इंचभर खोल पेरा. आठवड्याभरात दोन जाड दलं उचलून वर येतात.

एकदलासाठी सगळे जोंधळा किंवा मका लावतात, आणि तिथेच चूक होते. त्यांचं दल दाण्यातच राहून अन्न शोषतं. वर येणारी सुई म्हणजे कोंबावरचं आवरण. मुलं तिलाच दल समजतात. कांद्याचं बी लावा. त्याचं एकच हिरवं दल वाकून फासासारखं वर येतं. बी ताजं हवं, वर्षभरात त्याची उगवण बरीच घटते. माती ओलसर ठेवा, चिखल नको. हवा न मिळाल्याने बी कुजतं. दुकानातलं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं औषध लावलेलं असतं, मुलांच्या हातात देऊ नका. डाळही नको, भरडताना अंकुर तुटतो.

रानवाट_खानापूर: कांद्याचं पटलं. 1686 च्या 'हिस्टोरिया प्लांटारम'मधली जातीची (स्पीशीजची) व्याख्याही घ्या: एकाच झाडाच्या बियांतून आलेली रोपं दिसायला वेगळी असली तरी जात एकच. संकरित मक्याचे दाणे पेरले की पुढच्या पिढीत उंची-कणसं वेगवेगळी होतात, पण मकाच राहतो. याच ग्रंथात रेंनी मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस'मधली माहितीही घेतली. म्हणजे आपल्या सह्याद्रीतली झाडं तेव्हाच इंग्लंडच्या ग्रंथात पोचली होती.