मोठ्या कुत्र्याची काळी नखं घरी कापताना कुठे थांबायचं?

आम्ही फोंड्याला राहतो. आमचा लॅब्रॅडोर पाच वर्षांचा, वजन 36 किलो, चारही पायांची नखं काळीकुळकुळीत. एरवी डांबरी रस्त्यावर फिरून ती आपोआप झिजायची, पण यंदा पावसात फिरणं कमी झालं आणि आता टाइल्सवर चालताना टकटक आवाज येतो, पायही घसरतो.

गेल्या महिन्यात कात्रीसारख्या मोठ्या नेलकटरने कापताना एका नखाची जिव्हाळी (नखाच्या आतला रक्तवाहिनी असलेला नाजूक भाग) कापली गेली. कॉर्नफ्लोअर दाबून धरल्यावर रक्त थांबलं, जखम भरली. पण त्याचं ते कळवळणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आता कटर दिसला की तो पंजा ओढून घेतो.

तेव्हापासून रोज नुसता पंजा हातात धरून खाऊ देतो, त्याला तो तयार झालाय. टॉर्च लावून पाहिलं, काळ्या नखात आतलं काहीच दिसत नाही. नखं घासायच्या ग्राइंडरच्या आवाजाला घाबरतो. डॉक्टरांकडे नेता येईल, पण गाडीत त्याला उलट्या होतात, म्हणून दर वेळी नेणं नको वाटतं. बेशुद्ध करून कापणं तर नकोच.

पातळ चकत्या काढत जायचं आणि कापलेल्या भागाच्या मधोमध ठिपका दिसला की थांबायचं, हे माहीत आहे. पण नख आतूनही गडद असेल तर तो ठिपका नेमका कसा ओळखता? आणि वाढलेली जिव्हाळी मागे सरकावी म्हणून किती दिवसांनी थोडं थोडं कापता?