अंधार पडला की मागचा कॅमेरा गायब! सिग्नलचा घोळ की आणखी काही?

जागता_पहारा

नमस्कार मंडळी. घराला चार वायफाय कॅमेरे आहेत: फाटक, जिना, गाडी लावायची जागा आणि मागचं अंगण. माझी रात्रपाळी असते, घरी आई एकटी, म्हणून हा सगळा खटाटोप. दिवसा चौघेही गुणी बाळासारखे चालतात. संध्याकाळ झाली की एकेकाची नाटकं सुरू.

फाटकावरच्याचं चित्र साडेसातच्या सुमाराला अडकतं, चौकोन चौकोन दिसायला लागतात, दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुधारतं. मागचा मात्र अंधार पडल्यावर सरळ 'ऑफलाइन' होतो. मिनिटभराने परत येतो, पुन्हा जातो. रात्रीत आठ-दहा वेळा. कामावर असताना फोनवर ती सूचना आली की पोटात गोळा येतो.

आतापर्यंतचे उपाय: राउटर बंद-चालू (किती वेळा ते विचारू नका), राउटर कपाटावरून टेबलावर, मग टेबलावरून परत कपाटावर. कॅमेरे बसवणारा म्हणतो, शेजाऱ्यांच्या वायफायचा त्रास आहे, रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारी डबी) घ्या. पण ॲपमध्ये चौघांनाही तीनपैकी तीन काड्या दिसतात. मग सिग्नल कमी कशावरून म्हणायचा? रिपीटर घेऊ का?

गच्चीवरचा_गडी

घेऊन टाका. मी लावला, तेव्हापासून विषय बंद.

तारतम्य

जरा थांबा. साधा रिपीटर ज्या चॅनलवर, म्हणजे वायफायच्या ज्या लेनमध्ये, ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो. म्हणजे एकच वाक्य हवेत दोनदा. त्रास गर्दीचा असेल तर त्या गर्दीत आणखी एक बोलका माणूस उभा केल्यासारखं होईल. गडीभाऊंच्या घरी अंतराची अडचण असणार, म्हणून त्यांना गुण आला.

आता काड्यांबद्दल. त्या काड्या कॅमेऱ्याला राउटर किती मोठ्याने ऐकू येतो ते सांगतात. व्हिडिओ उलट्या दिशेने जातो. कॅमेऱ्याचा अँटेना बोटभर, आवाज बारीक. तो राउटरला ऐकू येतोय का, हा खरा प्रश्न. शिवाय लाउडस्पीकर वाजत असलेल्या मांडवात कोणी कानाशी येऊन बोललं तरी शब्द कळत नाहीत, तसं काड्या भरलेल्या असूनही गोंगाटात डेटा हरवतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे बरेच राउटर प्रत्येकासमोर सिग्नलच्या ताकदीचा आकडा डीबीएम या मापात दाखवतात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ निवांत चालतो, उणे ७५ च्या पलीकडे रडगाणं. दर १० ने ताकद दहापट घटते, म्हणजे उणे ५२ आणि उणे ७८ यांत सुमारे ४०० पट फरक. काड्यांत हे काहीच कळत नाही.

आणि मुख्य गोष्ट. तुमच्या दोन कॅमेऱ्यांची लक्षणं वेगळी आहेत. एक अडखळतो पण जोडलेला राहतो, दुसरा मरतो आणि पुन्हा जन्म घेतो. दोघांना एकच आजार आहे असं मी तरी धरून चालणार नाही.

तीन दिवस एक वही ठेवा. कोण, किती वाजता, किती वेळ, आणि तेव्हा घरात काय चालू होतं. एवढ्यात राउटरला हातही लावू नका. मागचा कॅमेरा मान फिरवणारा आहे का? असेल तर परत आल्यावर तो पूर्ण गोल फिरून जागेवर येतो का ते बघा. आणि त्याच्या ॲडॅप्टरपासून कॅमेऱ्यापर्यंत वायर किती लांब आहे?

बिनआवाजी

यात एक भर घालतो. राउटरच्या मागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर ती आधी काढा. त्या जोडणीचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्याच पट्ट्याच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. मी दोन महिने शेजाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो आणि चोर माझ्याच राउटरच्या पाठीला चिकटलेला होता.

जागता_पहारा

हार्ड डिस्क नाही, तपासलं. वहीचे तीन दिवस झाले. सूचनांच्या वेळा मी ॲपमधून उतरवल्या, घरातलं आईने लिहिलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

फाटक: ७.३५, ७.४०, ७.३२. तिन्ही दिवशी तिने समोर एकच शब्द लिहिलाय, 'मायक्रोवेव्ह'. मी तिला काही सुचवलंही नव्हतं! काल मुद्दाम भर दुपारी वाटीभर पाणी आत ठेवून दोन मिनिटं चालवलं. चालू केल्या केल्या चित्र अडकलं, घंटी वाजली आणि सुटलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. राउटर आणि फाटक यांच्या मधोमध तो ओव्हन आहे. राउटर 'ऑटो'वर आहे, सध्या ११ नंबरच्या चॅनलवर बसलाय.

मागचा: दिवसा एकदाही नाही. पहिली फेरी ६.५० ला, म्हणजे चित्र रंगीतचं काळं-पांढरं झालं त्यानंतर लगेच. आणि हो, परत आला की मान पूर्ण फिरवून जागेवर येतो. मला वाटायचं तो आपोआप पहारा देतोय! वायर लांब आहे. बसवणाऱ्याने ५ व्होल्टचा ॲडॅप्टर घरात ठेवून बारीक वायर जोडून जोडून १० मीटर नेली आहे. राउटरवरचे आकडे: फाटक उणे ६१, जिना उणे ५५, मागचा उणे ६३.

तारतम्य

आईंना माझा नमस्कार सांगा.

फाटकाचं निदान तर त्यांनीच केलंय. ओव्हन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. वायफायचा १ नंबरचा चॅनल २४१२ वर, ६ नंबर २४३७ वर, ११ नंबर २४६२ वर, आणि प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्झ. तुमचा राउटर ओव्हनच्या अगदी शेजारी जाऊन बसलाय. ओव्हनच्या दारातून जे किंचित झिरपतं ते माणसाला निरुपद्रवी, पण उणे ६० डीबीएम म्हणजे एका वॅटचा अब्जावा भाग. एवढ्या कुजबुजीपुढे ते झिरपणंही आरडाओरड्यासारखं. चित्र पूर्ण मरत का नाही? साध्या ट्रान्सफॉर्मरचा ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळच बोंबलतो, उरलेल्या अर्ध्यात वायफाय आपला माल पुढे ढकलतं. म्हणून चौकोन दिसतात.

'ऑटो' बंद करा, चॅनल १ ठेवा, रुंदी २० ठेवा. २.४ मध्ये ४० च्या मोहात पडू नका. रस्ता मुळात अरुंद, त्यात दोन लेन अडवून गाडी चालवण्यात काय अर्थ? ३ किंवा ४ असे मधलेही नकोत, तिथे दोन्ही बाजूंचा गलका ऐकू येतो.

मागच्या कॅमेऱ्याचा सिग्नलशी काही संबंध नाही. उणे ६३ ला तक्रार करायला जागाच नाही. मान गोल फिरते याचा अर्थ तो बंद पडून नव्याने चालू होतोय. अंधार पडला की त्याचे रात्री बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढतो. धरून चाला की जाऊन-येऊन त्या वायरीचा रेझिस्टन्स दीड ओहम आहे. दिवसा ०.३ ॲम्पिअरला अर्धा व्होल्टही पडत नाही. रात्री ०.८ झाला की १.२ व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि कॅमेऱ्याच्या तोंडी जेमतेम ३.८ पोचतात. घेरी येणारच. आज रात्री ॲपमधून इन्फ्रारेड बंद करून ठेवा. चित्र काळोखं दिसेल, पण कॅमेरा टिकला तर चोर सापडला.

गच्चीवरचा_गडी

मान्य, घाई केली. पण मग सगळे कॅमेरे वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, ५ गिगाहर्ट्झवर का नेत नाहीत? ओव्हनची कटकटच नाही.

तारतम्य

कॅमेऱ्यात सोय असेल तर जवळच्यांना जरूर न्या. पण बरेच कॅमेरे फक्त २.४ वालेच असतात, आणि ५ ची लहर भिंती ओलांडताना लवकर दमते. दोन पक्क्या भिंतींपलीकडच्या फाटकाला मी तरी २.४ वरच ठेवेन. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल तर कधी कधी कॅमेरा जोडतानाच गोंधळ होतो, तेव्हा नावं वेगळी करून बघायची.

जागता_पहारा

आठवडा झाला, म्हणून लिहितोय.

इन्फ्रारेड बंद ठेवलेल्या रात्री मागचा कॅमेरा एकदाही पडला नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीतल्या प्लगवर ॲडॅप्टर नेला, वायर आता मीटरभर. दिवे चालू आहेत, सहा रात्रींत शून्य सूचना. चॅनल १ केल्यावर ओव्हन चालू असताना फाटकाचं चित्र क्षणभर हलतं, अडकत नाही. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मग शेजाऱ्यांनीच काहीतरी बदललं असेल." मी नाद सोडला.

नवीन गंमत मात्र सापडली. गाडीच्या जागेवरचा कॅमेरा मी मोजलाच नव्हता, कारण त्याची तक्रार नव्हती. गाडी उभी असली की उणे ७२, मी गाडी घेऊन कामावर गेलो की उणे ६१. म्हणजे गाडीवर लक्ष ठेवायला लावलेला कॅमेरा गाडी नसताना उत्तम चालतो.

तारतम्य

पत्र्याची भिंतच उभी करताय तुम्ही त्याच्यासमोर. कंबरेच्या उंचीवर लावलाय का?

जागता_पहारा

हो, बॉनेटच्या रेषेत.

तारतम्य

गाडीच्या टपाच्या वर दीड-दोन फूट न्या आणि तोंड खाली करा. नंबरप्लेट दिसतेय ना तेवढं बघा आणि आकडा कळवा.

जागता_पहारा

रविवारी शिडी काढतो. वही आईकडेच ठेवलीय.