उंच फॉरवर्ड आणा, पण आधी कोपऱ्यातला शॉट बघा

सव्वासहा फुटी पॉवर फॉरवर्ड (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) नाशिकहून आणावा, म्हणजे आपल्या बास्केटबॉल क्लबचा रिबाउंडचा, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याचा, प्रश्न सुटेल, असं वर दोघांनी लिहिलंय. उंची कमी पडते हे मान्य. पण त्यासाठी सध्याच्या स्मॉल फॉरवर्डला (बाहेरूनही शॉट घेणाऱ्या फॉरवर्डला) बाकावर बसवणं मला अजिबात पटत नाही. शॉट सुटला की आपली पोरं चेंडूकडे बघत उभी राहतात, समोरच्याला पाठीवर घेत नाहीत. हे पाठीवर रोखून धरणं, म्हणजे बॉक्स आउट, उंच पोरालाही शिकवावंच लागेल. समोरच्या संघाला आपल्या बास्केटखाली रिबाउंड मिळाला की त्यांना पुन्हा शॉट घ्यायला नवे १४ सेकंद मिळतात. आपली दमछाक तिथेच होते.

कुणीच न बोललेली गोष्ट म्हणजे थ्री पॉइंटची रेषा, जिच्या बाहेरून घातलेल्या शॉटला तीन गुण मिळतात. २०१० पासून ती रिंगपासून ६.७५ मीटरवर आहे, कोपऱ्यात मात्र बाजूरेषेला समांतर जात असल्याने ६.६० मीटरच भरते. फॉरवर्डसाठी हीच हक्काची जागा. मी जळगावात ज्या सिमेंटच्या मैदानावर पोरांचा सराव घेतो, तिथे परवापर्यंत जुनी ६.२५ चीच रेषा होती. बाहेर खेळताना त्यांचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून का परत येतात, ते टेप लावून मोजल्यावर कळलं. आता रेषा नव्याने रंगवलीय, उन्हामुळे सराव संध्याकाळी सातनंतर. बाहेरून कुणाला आणायचंच असेल तर कोपऱ्यातून शॉट घेणारा आणा. नुसता उंच आणलात तर बचाव करणारे सगळे रिंगखालीच गर्दी करतील आणि आपल्या गार्डला (चेंडू घेऊन चाल रचणाऱ्याला) आत शिरायला वाटच उरणार नाही.